आधी प्रश्न, मग पदवी : जागतिक आरोग्यात मास्टर्स करताना

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेला एक पट्टा आहे. कोरडे, धुळीचे वारे सुटले की तिथे मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची साथ येते. १९९६-९७च्या साथीत सुमारे अडीच लाख माणसं आजारी पडली आणि २५ हजार दगावली. पुढे या आजारावर नवी लस करायचं ठरलं, तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी किंमत सांगितली. डोसमागे अर्ध्या डॉलरपेक्षा महाग लस आम्हाला परवडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. बड्या कंपन्यांना एवढ्या कमी किमतीत रस नव्हता. अखेर जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस त्या किमतीत तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोठी मोहीम सुरू झाली. ज्या ‘अ’ गटाच्या जंतूविरुद्ध ही लस होती, त्याचा एकही रुग्ण २०१७ नंतर त्या पट्ट्यात नोंदला गेलेला नाही.

‘ग्लोबल हेल्थ’ म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो. या कामाला लस बनवणारे शास्त्रज्ञ लागले, तसे साथीचा नकाशा मांडणारे, डोसांचा आणि पैशांचा हिशेब करणारे लोकही लागले. जिथे वीज नाही तिथे लस किती दिवस टिकते हे तपासणारे होते. ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात शीतपेटीबाहेर चार दिवस वापरता येते, हे त्यांनीच सिद्ध केलं. शिवाय गावागावांत लोकांशी बोलणारे होते. एका देशाच्या सीमेत न मावणारा आरोग्याचा प्रश्न अनेक विद्याशाखांनी मिळून सोडवायचा आणि त्याचा लाभ सर्वांत गरीब माणसापर्यंत पोचतो का हे पाहायचं, अशी या शाखेची साधी ओळख सांगता येईल.

तुमचा प्रश्न कोणता?

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे मुलंमुली येतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘सर, कुठलं विद्यापीठ चांगलं?’ मी विचारतो, ‘कशासाठी?’ इथे बरेच जण थांबतात. मेनिंजायटिसच्या त्या लशीची किंमत आधी ठरली आणि लस नंतर झाली. मास्टर्सचंही तसंच असावं. आपल्याला छळणारा प्रश्न आधी सापडला पाहिजे, मग तो सोडवायला कोणतं ज्ञान कमी पडतंय हे कळतं आणि विद्यापीठ त्यानंतर शोधता येतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा प्रवास असाच होता. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना टाळता येण्यासारखे तेच ते आजार घेऊन तेच ते रुग्ण परत येताना त्यांनी पाहिले. त्यानंतर अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परतून १९७० साली जामखेडचा आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. प्राथमिक आरोग्यसेवेचा आल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये आला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही १९८४ साली हॉपकिन्समधूनच पदवी घेतली आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं केलं. तिथल्या ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी महिलांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. गडचिरोलीच्या झोपडीत मोजलेला आकडा जगाने मान्य केला, कारण तो काटेकोर रीतीने मोजला होता. असं मोजायला शिकणं हा या पदवीचा गाभा आहे.

तुमचा प्रश्न एवढा मोठा असण्याची गरज नाही. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ ही भावना चांगली आहे, पण तो प्रश्न नव्हे. ‘ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या बाळांचे लशीचे डोस आमच्या तालुक्यात का चुकतात?’ हा प्रश्न आहे. त्यात स्थलांतर आहे, नोंदवही आहे, मुकादमाची उचल आहे, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न पोचणारी माहिती आहे. कामासाठी हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबं जगात जिथे जिथे आहेत, तिथे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. म्हणून बीडच्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न हा जागतिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

पदवीच्या नावात अडकू नका

‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’, म्हणजे एमपीएच, ही व्यावसायिक पदवी. कार्यक्रम आखणं, राबवणं आणि तपासणं यावर तिचा भर असतो. ‘एमएस्सी इन ग्लोबल हेल्थ’ बहुधा संशोधनाकडे झुकलेली असते आणि पुढे पीएचडी करायची असेल तर उपयोगी पडते. अनेक ठिकाणी एमपीएचमध्येच ग्लोबल हेल्थ हा विशेष विषय घेता येतो. साथरोगशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र, मानसिक आरोग्य अशा एकेका विषयाच्या स्वतंत्र पदव्याही आहेत. म्हणून नावापेक्षा विषयांची यादी आणि प्रबंधाचं स्वरूप वाचा. प्रत्यक्ष क्षेत्रात किती आठवडे काम करावं लागतं, तेही पाहा.

डॉक्टरांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. या पदवीने रुग्ण तपासण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही. आणि एमपीएच म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमधली एमडी नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयात त्या विषयाचं अध्यापन करायचं असेल तर एमडीचा मार्ग वेगळा आहे.

डॉक्टर नसलो तर?

चालतं. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी यांच्याबरोबर समाजकार्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, पोषण, कायदा, पत्रकारिता अशा पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांनाही अनेक विद्यापीठं प्रवेश देतात. काही अभ्यासक्रम मात्र केवळ आरोग्यशाखेच्या पदवीधरांसाठी असतात, त्यामुळे पात्रतेची अट शब्दन् शब्द वाचा. तीन वर्षांची बीए किंवा बीएस्सी असेल तर ब्रिटनमध्ये सहसा अडचण येत नाही. अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात.

डॉक्टर नसण्याचं दडपण घेऊ नका, पण गणिताची भीती मात्र घालवा. पहिल्या सत्रात सगळ्यांचीच खरी परीक्षा संख्याशास्त्रात होते. दहावीनंतर गणित सुटलं असेल तर जाण्याआधीच सरासरी, प्रमाण, दर, संभाव्यता यांची उजळणी करा आणि ‘आर’ किंवा ‘स्टाटा’ यांपैकी एका संगणक प्रणालीची तोंडओळख करून घ्या.

तिथे काय शिकवतात?

आजार कोणाला, कुठे, केव्हा आणि का होतो हे साथरोगशास्त्र सांगतं. दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे संख्याशास्त्राने कळतं. मर्यादित पैसा आधी कुठे खर्चावा याची शिस्त आरोग्य अर्थशास्त्र लावतं. धोरण, व्यवस्थापन, पर्यावरण, संशोधनाची नीती हे विषयही असतात.

समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे तास काही विद्यार्थी दुय्यम मानतात. त्यांना मी १८९७चं पुणं आठवून पाहायला सांगतो. आदल्या वर्षी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. तो पुण्यात पोचल्यावर सरकारने सैनिक लावून घरोघरी झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. त्या जाचाची परिणती प्लेग अधिकारी रँडच्या हत्येत झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याबाहेर दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. रोग्याला वेगळं ठेवणं दोन्हीकडे होतं. एकीकडे ते सक्तीने झालं आणि लोक रोगी लपवू लागले, दुसरीकडे ते सेवेच्या भावनेने झालं. या फरकाचा अभ्यास करायला हे विषय असतात.

या शाखेचा स्वतःचा इतिहासही जाणून घ्या. लिव्हरपूल आणि लंडन इथल्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या नामवंत संस्था १८९८ आणि १८९९ साली साम्राज्याच्या गरजेतून जन्मल्या. आजही प्रश्न एका देशातले, पैसा दुसऱ्या देशाचा आणि निर्णय तिसरीकडे, असं बरेचदा घडतं. आपण कोणाच्या बाजूने शिकतो आहोत, याचं भान वर्गात बसतानाही सुटू देऊ नका.

देशात की परदेशात?

आपल्या राज्यातलं किंवा देशातलं काम करायचं असेल, तर देशातलं शिक्षण कमी समजू नका. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत एमपीएच आहे आणि अलीकडे तिथले प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीचं शिक्षण देते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र १९९७ पासून एमपीएच शिकवतं. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, चंडीगडची पीजीआय आणि गांधीनगर, हैदराबाद इथल्या सार्वजनिक आरोग्य संस्था हेही चांगले पर्याय आहेत.

परदेशात जायचं तर त्यामागे नेमकं कारण असावं. तुमच्या प्रश्नावर काम करणारे प्राध्यापक तिथे असतील, किंवा वेगवेगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करायला तुम्हाला शिकायचं असेल. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो. अमेरिकेत तो दीड-दोन वर्षांचा असतो आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यात गुंफलेला असतो. ॲटलांटाच्या एमरी विद्यापीठाला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा शेजार लाभतो, तर सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ग्लोबल हेल्थचा स्वतंत्र विभाग आहे. जर्मनीत हायडेलबर्ग, स्वित्झर्लंडमध्ये बासेल, बेल्जियममध्ये अँटवर्प ही जुनी केंद्रं आहेत. नोकरी सोडणं शक्य नसेल तर लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रमही आहेत.

पुढे सरकारी भरतीत उतरायचं असेल, तर परदेशी पदवीची समकक्षता आधीच तपासा. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला मान्यता देणारा करार भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये झाला आहे. पण दूरशिक्षणाच्या पदवीबाबत लेखी खात्री केल्याशिवाय फी भरू नका.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा

ब्रिटनमध्ये एक वर्षाची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च धरला तर साधारण ३५ ते ५० लाख रुपये लागतात. अमेरिकेत दोन वर्षांचा आकडा एक कोटीच्या घरात जाऊ शकतो. समजा तुम्ही ४० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार रुपये येतो. भारतात स्वयंसेवी संस्थेतल्या पहिल्या नोकरीचा पगार अनेकदा या हप्त्याच्या आसपासच असतो. वडिलांची जमीन किंवा घर तारण ठेवण्याआधी हा हिशेब घरच्यांसमोर बसून मांडा. या शाखेत माझा एक ठाम सल्ला आहे : शिष्यवृत्ती मिळाली नाही तर एक वर्ष थांबा, अनुभव वाढवा आणि पुन्हा अर्ज करा.

पर्याय बरेच आहेत. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च उचलते. त्यासाठी २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे. तिथे किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीची डाड ही संस्था विकासाशी निगडित ठरावीक अभ्यासक्रमांसाठी मदत करते. दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी सहसा सहा वर्षांपेक्षा जुनी नको. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि युरोपातली इरास्मस मुंडुस याही पाहाव्यात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि आदिवासी, इतर मागास, विमुक्त-भटक्या प्रवर्गांसाठी त्या त्या विभागांच्या योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट वेळोवेळी बदलते, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना. जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. या कागदांपायी हातची संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा निधी गुणवंतांना कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो.

‘मोफत सल्ला’ देणाऱ्या एजंटांना बरेचदा विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. त्यांनी सुचवलेली यादी त्या नजरेने वाचा.

वेळापत्रक

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू व्हावेत असं वाटत असेल, तर तयारी आत्ता सुरू करा. फुलब्राइटचा अर्ज साधारण सव्वा वर्ष आधी, उन्हाळ्यात भरावा लागतो. चिव्हनिंगची खिडकी ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुमारास बंद होते. ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्याचे बरेच अर्ज ‘सोफास’ या सामाईक प्रणालीतून जातात आणि मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेत सहसा साडेसहा ते सात गुण लागतात. आपल्या विद्यापीठाकडून गुणपत्रकांची सीलबंद प्रत मिळायला महिना-दोन महिने लागू शकतात, तेवढे हाताशी ठेवा.

अर्जातलं उद्देशपत्र

अशा पत्रांचे मसुदे मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आवड होती’ हे वाक्य त्यांतल्या निम्म्यांत तरी असतं, आणि वाचणाऱ्याच्या मनात काहीच उरत नाही. एका आयुर्वेद पदवीधर मुलीने पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. मी तिला विचारलं, ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना तुला झोप न येऊ देणारं काय घडलं?’ ती म्हणाली, ‘लोहाच्या गोळ्या आम्ही वाटायचो, नोंद पूर्ण असायची; पण घरी गेले की गोळ्या फळीवर तशाच दिसायच्या.’ पत्राची सुरुवात तिथून झाली. गोळ्या का खाल्ल्या जात नाहीत, हे शोधायला आपल्याला काय येत नाही, ते कोणत्या विषयात शिकता येईल आणि परत येऊन काय करणार, या क्रमाने पत्र आपोआप उभं राहिलं.

तुम्हीही तसंच करा. पाहिलेला एक प्रसंग, त्यातून आलेला प्रश्न, स्वतःची उणीव, तेच विद्यापीठ का हवं याचं नेमकं कारण आणि पुढची पावलं, एवढं पुरे. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका. तुमचं काम जवळून पाहिलेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं पत्र अधिक वजनदार ठरतं.

नोकरीचं खरं चित्र

इथे गोड बोलून चालणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने ‘युएसएड’ ही मदतसंस्था बंद केली आणि जगभरचे अनेक आरोग्य प्रकल्प थांबले. ब्रिटननेही परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेलाही खर्च आणि माणसं कमी करावी लागली. जिनिव्हातल्या नोकरीच्या आशेवर कर्ज काढण्याचे हे दिवस नाहीत.

काम मात्र संपलेलं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात साथरोगतज्ज्ञ आणि कार्यक्रम व्यवस्थापक लागतात, यांतली बरीच पदं कंत्राटी असतात हे धरून चला. महापालिका, संशोधन संस्था, लसनिर्मिती आणि औषध कंपन्या, आरोग्यविमा, कंपन्यांचे सामाजिक निधी, आकडेवारीवर काम करणाऱ्या संस्था इथेही जागा निघतात. ज्यांना आकडे हाताळता येतात, स्वच्छ लिहिता येतं आणि गावात जाऊन मराठीत बोलता येतं, त्यांना मागणी आहे. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने सामान्य प्रशिक्षित समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार होऊ शकतात, हे तपासून पाहिलं आणि २०१० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुण्याजवळ वढू परिसरात केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र कित्येक वर्षं गावांतल्या जन्म-मृत्यूंची सलग नोंद ठेवत आहे. जगाला उपयोगी पडणारं काम घराजवळही उभं राहतं.

या महिन्यात एवढं करा

विद्यापीठांच्या क्रमवारीची पानं तूर्त बंद ठेवा. जवळच्या उपकेंद्रात जा. गावात ग्राम आरोग्य व पोषण दिन असेल त्या दिवशी नर्सबाईंची आणि आशाताईंची परवानगी घेऊन सकाळपासून बसा. कोण आलं ते लिहा. त्याहून महत्त्वाचं, यादीत नाव असून कोण आलं नाही तेही लिहा. मग त्यांतल्या एका घरी आशाताईंबरोबर चालत जा आणि न येण्याचं कारण न टोकता ऐकून घ्या.

त्या घरातून बाहेर पडताना तुमच्या वहीत एखादं असं वाक्य उतरलेलं असेल, ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल आणि आशाताईंकडेही नसेल. ते जपून ठेवा. अर्ज करताना उद्देशपत्राची पहिली ओळ म्हणून तेच लिहायचं आहे, आणि पदवी घेऊन परतल्यावर उत्तर द्यायला त्याच घरी जायचं आहे.